मागची ऐसपैस सीट

ड्रायव्हिंग स्कूलमधल्या शिकाऊ मंडळींनी तिचं नाव ब्रेकबाई ठेवलं होतं. ते कानावर आलं तेव्हा तिला रागसुद्धा आला नाही, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं. ड्रायव्हरच्या शेजारी बसायचं, पायाखाली आपला वेगळा ब्रेक ठेवायचा आणि चालवणारा माणूस दोघांनाही देवाघरी न्यायला निघाला की तो दाबायचा, यातच तिची सगळी नोकरी सरली. स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात आणि जीव आपल्या मुठीत. आता ती निवृत्त झाली होती आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःची गाडी घ्यायला निघाली होती.

कंपनी कुठली, हा प्रश्न नव्हता. स्कूलच्या गाड्या ज्या कंपनीच्या, तीच. घोडं अडलं होतं पुढे. त्या कंपनीच्या दोन सेडान होत्या, एक धाकटी, एक थोरली, आणि कुठल्याही दोन सख्ख्या बहिणींमध्ये असावं तेवढंच त्यांच्यात साम्य होतं, म्हणजे लांबून बघणाऱ्याची फजिती ठरलेली. तेच दिवे, तोच डॅशबोर्ड, तेच इंजिन. थोरली थोडी लांब होती आणि ती सगळी लांबी मागच्या सीटच्या वाट्याला गेली होती. तिथे तीन माणसं पाय पसरून बसतील. धाकटीत मागे बसणाऱ्याने गुडघे कुठे ठेवायचे ते आपलं आपण बघायचं. पण तिची ड्रायव्हरची सीट वर-खाली होणारी होती, ठेंगण्या माणसाला अगदी सोयीची. आणि ब्रेकबाई चांगलीच ठेंगणी होती.

"मॅडम, गाडीत जास्त करून कोण बसणार?" शोरूममधल्या सेल्समनने विचारलं. तो गळ्यात कंपनीच्या रंगाचा टाय बांधायचा, म्हणून मनातल्या मनात ती त्याला टायवाला म्हणायची.

"मी, माझा भाऊ, वहिनी, भाची," ती म्हणाली. "आणि कधीमधी भाचेजावई."

उत्तर इतकं धडाधड आलं की तिचं तिलाच नवल वाटलं.

"मग डोळे झाकून मोठी घ्या."

"डोळे झाकून गाडी घ्यायची नसते," ब्रेकबाई म्हणाली. "चला, आधी चक्कर मारू."

चक्कर मारायला ती सवयीने शेजारच्या सीटवर जाऊन बसली आणि पट्टाही लावून मोकळी झाली. टायवाला किल्ली हातात घेऊन बाहेर उभा.

"मॅडम, तुम्ही चालवणार ना?"

"तुम्ही चालवा. मी बघते."

बिचाऱ्याने चालवली. सिग्नलपाशी त्याने ब्रेक जरा उशिरा मारला तर हिचा पाय मॅटवर जोरात दाबला गेला. "क्लचवर पाय ठेवून गाडी चालवू नका, प्लेट जळते," ती म्हणाली. तो "हो मॅडम" म्हणाला आणि पुढचा सगळा रस्ता परीक्षेला बसल्यासारखा चालवत राहिला. मग दुसरी गाडी काढली. त्यातही ती तिथेच बसली, आणि त्याच्या आणखी दोन चुका काढून घरी आली.

घरी एक कप विसळताना तिच्या लक्षात आलं की दोन्ही गाड्यांमधला फरक आपल्याला काडीचाही सांगता येणार नाही. दोन्ही गाड्या आपण आपल्या नोकरीच्या सीटवरून बघितल्या, आणि तिथून त्या सारख्याच. तिला मोठ्याने हसू आलं. पण एकट्याने किती हसणार? सांगायला घरात दुसरं माणूस नव्हतं, आणि एक कप विसळायला फार वेळही लागत नाही. तिने हात पुसले आणि भावाला फोन लावला.

"दादा, रविवारी शोरूममध्ये येशील? तू आणि वहिनी मागे बसून बघा. मागे बसणाऱ्यांनीच ठरवायला हवं ना कुठली ते."

"आम्ही कशाला गं? आमची गाडी आहे की."

"म्हणून काय माझ्या गाडीत बसणार नाही?"

"बसू की. न बसायला काय झालं? बरं, बघतो रविवारचं."

दादाला गाडी तिनेच शिकवली होती. वहिनीलाही तिनेच, आणि भाचीला तर अठरावं सरता सरता. सगळे उत्तम चालवायचे, कुणाला कुणाची गरज लागायची नाही. म्हणजे आपल्या पायावर धोंडा तिने स्वतःच, तोही अगदी मन लावून मारून घेतला होता. स्कूलमध्येही तेच. लायसन मिळेपर्यंत माणूस दिवसातून दोनदा फोन करायचा, "मॅडम, उद्या येऊ ना?" लायसन हातात पडलं की चॉकलेटचा डबा, एक फोटो आणि नमस्कार. शिकवणं चांगलं झालं की माणूस जाणारच, एवढं तिला कळत होतं. पण कळणं वेगळं आणि घरी येऊन दिवा लावणं वेगळं.

रविवारी ती ठेवणीतले कपडे घालून वेळेच्या आधीच शोरूममध्ये जाऊन बसली. टायवाल्याने मशीनची कॉफी आणून दिली, मग दुसरी आणून दिली. तिसरीच्या सुमाराला वहिनीचा फोन आला.

"वन्सं, रागावू नका हं. यांचा आत्ताच डोळा लागलाय, उठवायचं जिवावर येतं. आणि खरं सांगू का, गाड्यांमधलं आम्हाला काय कळतंय? तुम्ही घ्याल ती चांगलीच असणार."

"झोपू दे त्याला," ब्रेकबाई म्हणाली. "काही अडलेलं नाही."

"मंडळी येताहेत ना, मॅडम?" टायवाल्याने विचारलं.

"नाही येत."

तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "मी बसू का मागे? जागेचा अंदाज येईल तुम्हाला."

माणूस भला होता. तो थोरलीत मागे बसला आणि ब्रेकबाई या वेळी स्वतः स्टिअरिंगवर बसली. पाठीशी उशी घेतली तरी पुढचा रस्ता बघायला मान ताणावी लागत होती. मागून आवाज आला, "खूप जागा आहे, मॅडम!" तिने आरशात बघितलं. एका कोपऱ्यात टायवाला अवघडून बसला होता आणि उरलेली सीट मोकळी होती. ती शोरूमच्या गल्लीतूनच परत फिरली.

धाकटीत तो शेजारी बसला. तिने सीट वर घेतली आणि समोरचं सगळं बॉनेट दिसायला लागलं. गोदामांच्या मागच्या चिंचोळ्या रस्त्यावरून गाडी लोण्यातून सुरी जावी तशी गेली. वळणावर एकाच झटक्यात वळली, चढावर मागे सरकली नाही. कुणाला शिकवायचं नाही, कुणाला वाचवायचं नाही, नुसती गाडी चालवायची! तिला खूप आनंद झाला, आणि त्याच्या पाठोपाठ रडूही आलं. गाडी तंतोतंत तिच्या मापाची होती. म्हणजे एका माणसाच्या.

"ही," शोरूमच्या दारात गाडी थांबवून ती म्हणाली. "ही द्या."

"पण मागे मंडळी..." टायवाला बोलता बोलता थांबला आणि रंगांचे नमुने आणायला आत गेला.

संध्याकाळी दादाचा फोन आला. झोप झाल्यामुळे स्वारी खुशीत होती.

"मग? कुठली ठरवलीस?"

धाकटी, असं ती म्हणणारच होती. शब्द ओठांवर आला होता. पण तसं सांगणं म्हणजे तुमची वाट बघणं मी सोडलं, असं सांगण्यासारखं झालं असतं, आणि दादाने त्यावर बहुतेक नुसतं "बरं" म्हटलं असतं. ते "बरं" ऐकायची तिची तयारी नव्हती.

"मोठी," ती म्हणाली. "मागे ऐसपैस जागा आहे."

"झकास! येऊ एकदा सगळे. लांब कुठेतरी जाऊ."

"या ना. कधीही या."

फोन ठेवल्यावर ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, पण हे खोटं पचणार याची तिला खात्री होती. ते पकडायला कुणाला तरी येऊन गाडीत बसावं लागलं असतं. आणि तेच तिला हवं होतं, मनापासून हवं होतं, की दादाने एक दिवस यावं, मागचं दार उघडून आत बसावं, आणि "अगं, ही तर छोटी आहे!" म्हणून तिला चांगलं फैलावर घ्यावं.