पंप दादाचा, कार्बोरेटर धाकट्याचा

धाकट्यानं पन्नाशी ओलांडली होती. केस गेले, गुडघे कुरकुरायला लागले, मुलगी लग्न होऊन तिच्या घरी गेली, तरी गॅरेजांच्या त्या गल्लीत तो आपला धाकटाच. कारण थोरला होता ना! दादा डोक्यावर असताना आपण मोठं व्हायची घाई कशाला करायची, असं त्याला मनापासून वाटायचं.

वडिलांनी दोघांना काम वाटून दिलं होतं. इंजिनाला पेट्रोल पाजायच्या दोन तऱ्हा: इंजेक्शन पंप दादाचा, कार्बोरेटर धाकट्याचा. तरुणपणी दोघांनी मिळून एका गिऱ्हाइकाच्या इंजिनाची पार वाट लावली होती आणि चूक कुणाची यावरून एकमेकांच्या गचांड्या धरल्या होत्या. तेव्हापासून वडिलांचा नियम: एकाच्या कामात दुसऱ्यानं पाना घालायचा नाही. वडील गेले, नियम राहिला. दादा पंप उघडून बसला की धाकटा तिकडे डोकावायचाही नाही. लोक हसायचे. हसेनात का! असा भाऊ मिळायलाही नशीब लागतं, असं धाकट्याचं ठाम मत होतं.

वडिलांनी शेड दादाला दिली आणि स्वतःची लांब नाकाची निळी गाडी धाकट्याला. आता गंमत बघा, कार्बोरेटरवाल्याच्या वाट्याला आलेली ती गाडी होती इंजेक्शनची. इंजिनाच्या कुशीला बसवलेला पंप, त्यातून निघालेल्या चार नळ्या, प्रत्येक सिलिंडरला मोजून मापून पेट्रोल. तेव्हाची ती नवलाई होती. गाडी धाकट्याची असली तरी तो पंप दर वर्षी दादाच बघायचा, आणि बघून झाला की किल्ली मागून एक लांब चक्कर मारून यायचा. धाकट्यानं किल्ली कधी नाकारली नाही.

यंदा मात्र दादाचा हात लागल्यानंतर गाडी ठसकायला लागली. चढावर दम टाकायची, सिग्नलला बंद पडायची. दादानं पुन्हा पंप उघडला, बराच वेळ आत बघितलं आणि हात पुसले.

"संपलाय. आतून पार झिजलाय. याचे पार्ट आता कुठं मिळायचे?"

"काहीच नाही होणार?"

"होईल ना. काढून टाक आणि कार्बोरेटर चढव. अरे, तुझ्यासारखा कान आहे का कुणाला? बाबा असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं."

दादानं असं हरभऱ्याच्या झाडावर चढवल्यावर धाकटा शेंड्यापर्यंत गेला. पंप खरंच झिजलाय का, हे विचारायचं त्याच्या मनातही आलं नाही. पंप दादाचा होता.

पंप त्यानं स्वतः उतरवला. एक बोल्ट गंजून बसला होता. छिन्नी घसरली आणि पंपाच्या कडेवर लांब ओरखडा उमटला. धाकटा हळहळला. मेलेल्या माणसालासुद्धा नीट उचलतात, म्हणाला. फडक्यानं पुसून त्यानं तो दादाच्या हातात दिला.

"भंगारात टाकशील तेव्हा मला सांगू नको."

"नाही सांगत," दादा म्हणाला.

मग धाकट्यानं जीव ओतला. पंपाच्या जागी जाड झाकण बसवलं, नळ्यांची भोकं बुजवली, दोन-दोन तोंडांचे दोन कार्बोरेटर बसतील अशी नवी बैठक तयार केली. शेवटी रबरी नळीचं एक टोक कानात आणि दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून तो ऐकत बसला. चार तोंडं, चारहींचा हवा ओढतानाचा आवाज एकसारखा यायला हवा. कुठं जास्त, कुठं कमी. स्क्रू जरासा फिरवायचा, पुन्हा ऐकायचं. दादा शेजारी बॅटरीचा उजेड धरून उभा होता. भावाचं काम तो इतक्या कौतुकानं बघत होता की धाकट्याचे डोळे भरून आले.

एकच अडचण उरली. पेट्रोल चढवणारी जुनी मोटर पंपासाठी होती, तिचा दाब भारी. कार्बोरेटरला घोटघोट पाजावं लागतं. इथं तर दोन्ही भरून वाहायला लागले. दाब कमी करायची चावी आणायला धाकटा पंपवाल्या मावशींच्या दुकानात गेला. गल्लीतले सगळे पंप तपासायला याच बाईंकडे यायचे. बोलायला फटकळ, पण हाताला चोख.

मावशींच्या तपासणीच्या टेबलावर एक पंप फिरत होता. समोरच्या चार काचनळ्यांत पेट्रोल एकाच रेषेत चढत होतं. पंपाच्या कडेवर लांब, ताजा ओरखडा होता.

"हा कुणाचा?" धाकट्यानं विचारलं.

"तुमच्या दादांचा की! त्यांनी तसलीच दुसरी गाडी घेतलीय ना, बिनपंपाची, तिला बसवणार आहेत. ठणठणीत आहे बघा."

"झिजलाय म्हणाले होते."

"झिजलाय? मला म्हातारी म्हणा, पण याला झिजलेला म्हणू नका. पेट्रोल कमी करायचा स्क्रू तेवढा कुणीतरी आवळून ठेवला होता. मी दादांना म्हटलंही, गाडी ठसकत असणार. तर म्हणाले, मला माहीत आहे."

मावशी पुढे बरंच बोलल्या. धाकट्याला त्यातलं काही ऐकू आलं नाही. ती दुसरी गाडी त्यानं पाहिली होती. पत्र्याचे भाग काढायला घेतलीय, असं दादानं त्याला सांगितलं होतं. त्यानं चावी घेतली, गॅरेजात येऊन ती बसवली. पेट्रोल वाहायचं थांबलं. मग तो निळी गाडी घेऊन थेट दादाच्या शेडवर गेला. केसानं गळा कापला होता, आणि कापणाऱ्याला बॅटरी धरायला यानंच उभं केलं होतं.

दादा दुसऱ्या गाडीच्या इंजिनावर वाकला होता. धाकट्याचा चेहरा बघूनच त्यानं पाना खाली ठेवला.

"मावशींकडे गेलो होतो," धाकटा म्हणाला.

दादा फडक्यानं हात पुसायला लागला.

"स्क्रू तू आवळलास?"

"हो."

"आणि माझ्याच हातानं काढून घेतलास! माझी स्तुती करून! मी तुझ्यासमोर रडलो रे, दादा." धाकट्याचा आवाज फाटला. "एका शब्दानं बोलला असतास तर मी पंप काय, अख्खी गाडी तुझ्या दारात आणून लावली असती. मागायचं होतंस फक्त."

खरं तर एवढ्या एकाच गोष्टीच्या आधारावर तो इथपर्यंत आला होता. दादा मान खाली घालेल, चुकलो म्हणेल, आपण चार शिव्या देऊ, आणि मग कधीतरी सगळं पुन्हा पहिल्यासारखं होईल.

दादानं मान खाली घातली नाही.

"माहीत आहे, दिला असतास," तो म्हणाला. "तू नेहमीच देतोस. बाबांनी पंप मला शिकवला आणि गाडी तुला दिली. दर वर्षी ती मी नीट करायची आणि एका चकरेसाठी किल्ली तुझ्याकडे मागायची. तूही हसत द्यायचास. तुझं ते हसत देणं मला नको होतं रे. एक तरी गोष्ट तू न देता माझी व्हायला हवी होती."

शिव्या धाकट्याच्या तोंडापर्यंत आल्या होत्या, पण त्या द्यायला समोर आपलं माणूस लागतं. तो वळला आणि गाडीत बसला.

घरापर्यंत मोठा चढ होता. निळी गाडी तो चढ एका दमात चढून गेली, इतकी गुळगुळीत की पूर्वी कधी गेली नव्हती. एकदा तरी ठसकावी म्हणून धाकटा वाट बघत होता.