वणव्यातले पिल्लू

मी एक जुने, एका बाजूने जळालेले चिनी पुस्तक आहे. मित्रांनो, माझ्यात प्राण्यांच्या गोष्टी आहेत. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींनी त्या पिढ्यानपिढ्या सांगितल्या, कुणीतरी त्या चिनीत आणल्या आणि शांघायच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला.

लिन नावाचा फेरीवाला रेशमी कापडाच्या गाठोड्यात मला घालून गावोगाव हिंडे. इंग्रजांची जपानशी लढाई चालली होती, त्या दिवसांत मुरबाडजवळच्या धसईच्या बाजारात त्याला ताप भरला आणि तो रस्त्यातच कोसळला. लोक नुसते बघत राहिले. मोळी विकून परतणाऱ्या धोंडीबाईने मात्र त्याला कातकरवाडीत आपल्या झोपडीत नेले.

जरा बरे वाटू लागल्यावर लिन मोडक्या हिंदीत तिला माझ्या गोष्टी सांगू लागला. कांगारूचे चित्र बघून ती ओरडलीच.

"अगो बाय! पोटालाच झोळी? आन् पोर आतमंदी!"

गोष्टीत ती कांगारू परक्या पिल्लासाठी वणव्यात शिरते. लिन इथवर आला, तोच पोलीस पाटील देवजी दारात उभा राहिला. माझी पाने बघून तो हादरला.

"ही जपान्याची अक्षरं! हेर हाय ह्यो!"

त्याने लिनला दोरीने बांधले आणि मला चुलीत फेकले. माझी कड पेटली, आणि दुसऱ्याच क्षणी धोंडीबाईचा उघडा हात जाळात शिरला!

"येडी झालीस काय गो?" देवजी ओरडला.

"पिल्लू अजून वणव्यातच हाय, पाटील!"

जिला एक अक्षर येत नव्हते, तिने माझ्यासाठी हात भाजून घेतला होता.

लिनला मुरबाडच्या पोलीस ठाण्यात नेले आणि तिथे त्याचे कागद तपासल्यावर उलगडा झाला. तो जपानी नव्हे, चिनी निघाला आणि सुटला. तो परत आला, पण गोष्टीचा शेवट जळून गेला होता. त्यालाही तो आठवेना.

"मंग मी सांगतंय," धोंडीबाई म्हणाली. "कांगारू भायेर आली. पिल्लाची आय धावत आली. पन पिल्लू झोळीतनं उतरंना. मंग दोघी आया रानातल्या एकाच झुडपाच्या जाळीत राहाल्या."

लिनने तो शेवट माझ्या कोऱ्या पानावर चिनीत लिहिला आणि मला तिच्याच हाती सोपवून तो गेला.

मित्रांनो, माझी लिपी तुम्हाला कळणार नाही. नाही कळली तर विचारा, चित्रे बघा. पण घाबरून मला चुलीत टाकू नका. जाळात हात घालणारी माणसे फार थोडी असतात.