भिंतीकडे तोंड करून

(काटा २५ अंशांवर. दार बंद.)

मित्रांनो, मी तापमापक आहे. जुना, पत्र्याचा, मनगटी घड्याळाएवढ्या तोंडाचा. माणसांच्या काखेत माझी जागा नाही. मी ओव्हनच्या जाळीला आकड्याने लटकतो आणि आतली हवा किती तापली ते दाखवतो. माझ्या पोटात धातूची एक गुंडाळलेली पट्टी आहे. ऊब लागली की ती उलगडते आणि काटा सरकतो. एवढंच माझं शरीर आणि एवढंच माझं बोलणं.

ज्या कारखान्यात मी जन्मलो तिथे एका बाईंनी मला उकळत्या पाण्यात धरलं. काटा शंभरावर थांबला. "खरा आहे," असं म्हणून त्यांनी मला पेटीत टाकलं. त्या दोन शब्दांच्या जोरावर मी आजवर जगलो. खरं असून भागत नाही, कोणीतरी बघावंही लागतं, हे मात्र त्या बाईंनी सांगितलं नव्हतं.

(काटा १३०.)

मला विकत आणलं ते पंधरा वर्षांच्या एका मुलीने. घरात तिला ठमी म्हणतात. तिच्या वडिलांची नजर दोन वर्षांत विझत गेली. आता त्यांना फक्त उजेड आणि अंधार कळतो.

दर रविवारी शेजारचे शिंपीकाका त्यांच्याशी बुद्धिबळ खेळायला येत. नजर गेल्यावर वडील चाचपून खेळू लागले, पण बाजारातल्या त्या गुळगुळीत सोंगट्या. उंट कुठला, प्यादं कुठलं, घोळ व्हायचा. एकदा काका चेष्टेत म्हणाले की वजिराच्या जागी माझं अंगुस्तान ठेवलं तरी तुला पत्ता लागायचा नाही. शिवताना बोटात घालायची ती टोपी. वडील हसले. पट मिटला, तो पुन्हा उघडला नाही. रविवारी काका आले की दोघं चहा पीत आणि हवापाण्याचं बोलत.

ठमीने ठरवलं, बाबांसाठी मोठ्या सोंगट्या करायच्या. घोड्याला कान, हत्तीला सोंड, बोट लावताच ओळखू येतील अशा. त्यासाठी तिने पॉलिमर क्ले आणली. ही माती हवेत वाळत नाही, ती भाजावीच लागते. तिच्या पाकिटावर लिहिलं होतं : १३० अंश, अर्धा तास. कमी तापली तर ठिसूळ राहते. फार तापली तर करपते, आणि तिचा धूर नाका-घशात झोंबतो. आईने एकच अट घातली. ओव्हन एकदा मातीला दिला की तो अन्नाला परत नाही. म्हणून घरातला जुना ओव्हन मागच्या खोलीत, खिडकीखाली आला. फरशीचा तुकडा, त्यावर कागद, कागदावर सोंगट्या आणि वर फॉइलचं सैल झाकण.

पहिल्या दिवशी सोंगट्या ठेवण्याआधी ठमीने रिकामाच ओव्हन तापवला. बटण १३० वर होतं. दाराची काच धुरकट, म्हणून तिने टॉर्च लावून मला वाचलं. मी १६५ दाखवत होतो.

बटण खोटं बोलतं, हे तिने घरभर सांगितलं. त्या दिवशी माझं जे कौतुक झालं ते मी अजून पुरवून पुरवून आठवतो. तिने बटण मागे मागे घेतलं, माझा काटा १३० वर स्थिरावला, आणि बटणाच्या त्या जागी तिने नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. सोळा काळ्या सोंगट्या झकास भाजल्या. वडिलांनी एकेक हातात घेऊन ओळखली, वाखाणली. मग थोडा वेळ ते गप्प बसले. का, ते कोणी विचारलं नाही.

लाल ठिपका आला आणि माझी गरज संपली. टॉर्च खणात गेला. मी आत होतो, कोणी बघत नव्हतं, पण निदान माझं तोंड काचेकडे होतं.

मग कॉइल जळाली. दुरुस्तीवाल्याने नवी बसवली, जाळी काढली आणि परत सरकवली. उलटी. माझं तोंड मागच्या भिंतीला लागलं. वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखा मी उभा, फरक इतकाच की माझा तास संपत नव्हता.

(काटा १४०. १५५. १७०.)

सोळा पांढऱ्या सोंगट्या आत आल्या. बटण लाल ठिपक्यावर. नवी कॉइल जुनीपेक्षा कडक, हे फक्त मला कळलं.

मी दाखवत होतो. काळ्या पत्र्याला दाखवत होतो.

(१८५.)

इतका अचूक मी आयुष्यात कधी नव्हतो. माझ्या मागे फॉइलखाली माती चुरचुरू लागली आणि आंबट, बोचरा वास भरला.

वास आधी वडिलांना आला. ते शेजारच्या खोलीत होते. ठमी धावत येऊन ओव्हनच्या मुठीला हात घालणार, तोच ते म्हणाले, "ठमे, दार उघडू नकोस. बटण बंद कर, खिडकी उघड आणि बाहेर चल."

तासभर दोघं बाहेर पायरीवर बसली. मी आत त्या वासात.

(२५.)

दार उघडलं तेव्हा पांढऱ्या सोंगट्या बिस्किटासारख्या तपकिरी झाल्या होत्या. राजाच्या मुकुटावर फोड आले होते. ठमी रडत होती. ठिपका तोच, बटण तेच, मग झालं कसं? वडिलांनी आत हात घातला. जाळी चाचपली. माझ्यापाशी बोटं थांबली. जिथे काच लागायला हवी तिथे त्यांना सपाट पत्रा लागला.

"हा पाठमोरा आहे गं," ते म्हणाले.

मग त्यांनी फोड आलेला राजा उचलला आणि बराच वेळ फिरवला.

"खरं सांगू? काळ्या काय नि पांढऱ्या काय, मला सारख्याच लागल्या असत्या. रंग बोटांना कुठे कळतो? तू इतक्या हौसेने करत होतीस म्हणून बोललो नाही. हा मात्र लगेच कळला."

"मग आधी सांगायचं ना, बाबा."

"तू विचारलंस कुठे?"

ठमी चोंदलेल्या नाकाने हसली. करपलेल्या सोंगट्या तिने टाकून दिल्या. नवी माती आली. नव्या पांढऱ्यांच्या अंगावर तिने सुईने बारीक खरखर उठवली. जाळी सरळ केली, लाल ठिपका पुसला, आणि भाजताना दर पाच मिनिटांनी टॉर्च घेऊन माझ्यासमोर उकिडवी बसली.

रविवारी शिंपीकाका आले. मला बाहेरचं दिसत नाही, ऐकू तेवढं येतं. सोंगट्या मांडल्याचा आवाज आला. मग काका गप्प झाले, खोडी काढताना माणूस होतो तसे. पटावर काहीतरी हलकंसं टेकलं.

"अंगुस्तान उचल," वडील म्हणाले. "सुई टोचेल तुला."

मित्रांनो, मी अजून आतच आहे आणि आतच राहणार. मला बाहेर काढा, असं मी म्हणत नाही. माती भाजायला घ्याल तेव्हा खिडकी उघडी ठेवा, मोठं माणूस जवळ असू द्या, आणि बटणावर विसंबू नका. वाकून मला बघा. आणि तुमच्या घरात कोणी कौतुक करता करता मध्येच गप्प झालं, तर त्यालाही एकदा विचारा.

(दार बंद. तोंड काचेकडे.)