भोकाचा पैसा

धातूवर धरलं की कुईं करणारं यंत्र मी निवृत्तीनंतर दोन जुन्या रेडिओंपासून बनवलं. जवाहरनगरच्या आसपासचे माळ पालथे घातले. आजवर मिळालेलं गुप्तधन म्हणजे सायकलची एक घंटी आणि खिळेच खिळे. तरी तोरा असा, की टपरीवर या यंत्राचा इतिहास सांगितल्याशिवाय मी उठायचो नाही. अमेरिकेच्या एका राष्ट्राध्यक्षाला गोळी लागली. ती अंगात कुठे रुतली हे शोधायला असलंच यंत्र आणलं, तर ते भलतीकडेच वाजायला लागलं. पलंगात तारेच्या स्प्रिंगा होत्या म्हणतात. माणूस गेला. लोक हसायचे, मीही हसायचो.

ही बढाई करडी गावच्या सत्यभामाबाईंपर्यंत पोचली. सत्तरीची बाई दोन बस बदलून दारात आली.

"धनीरामभाऊ, माहा पोरगा शोधून द्या."

बेचाळीस वर्षांपूर्वी अकरा महिन्यांचं पोर तापात गेलं. एवढ्या लहानाला जाळत नाहीत, पुरतात. आणि तिथे बायांना नेत नाहीत. गावची बोडी म्हणजे लहानसं तळं. नवऱ्याने, वासुदेवरावांनी, तिच्या पारीवर, मातीच्या बांधात कुठेतरी पुरलं आणि जागा कधीच सांगितली नाही. आता लकव्याने त्यांची वाचा गेली होती. बोडी खोल करायची, म्हणून उद्या दुपारी ती पार जेसीबीने उकरणार होते.

"त्याच्या करगोट्यात भोकाचा पैसा होता, तांब्याचा. म्याच बांधला होता. तो वाजन ना?"

माझं यंत्र वीतभर खोलीच्या पुढे बहिरं आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. "वाजन," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आम्ही कोरड्या बोडीची पार चाळली. मे महिन्याचं ऊन, बाई अनवाणी. खिळा निघाला, बाटलीचं झाकण निघालं, तारेचा तुकडा निघाला. दर वेळी ती खाली बसून ढेकूळ हाताने फोडायची. जेसीबीवाला प्रवीण सावलीत बसून म्हणाला, "आजी, एक वाजेपर्यंतच थांबतो."

मोहाच्या एका खुंटाजवळ ती थबकली. "इथून जाताना हे नेहमी मान खाली घालत."

मी तिच्या पुढ्यात यंत्र धरलं आणि ते किंचाळलं. बाई तिथेच कोसळली, नखांनी उकरू लागली. मी कुदळ घेतली. कोपरभर खणलं, काही नाही. ती उठून पलीकडे उभी राहिली, तर यंत्र खड्ड्यावर गप्प आणि तिच्या पायांशी वाजायला लागलं. तेव्हा मला तिची जोडवी दिसली. टपरीवर ज्या स्प्रिंगांना हसलो, त्या आज मीच विसरलो होतो.

"बाई, तुमची जोडवी वाजून राहिली."

नवरा घरी खाटेवर जिवंत होता. लग्नात घातलेली ती जोडवी कधी निघाली नव्हती. बाई खाली बसली आणि ओढू लागली. सुजलेल्या बोटांतून रक्त आलं तेव्हा ती निघाली. माझ्या हातावर ठेवून म्हणाली, "आता पाहा."

मी पुन्हा सगळी पार फिरलो. यंत्र गप्प. आणखी एकदा फिरलो. शेवटी मी बोललो, "बाई, एवढं खोल याले ऐकूच येत नाही. मले कालच मालूम होतं."

ती शिव्या देईल असं वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. प्रवीणने इंजिन सुरू केलं. बाईने हात पुढे करून जोडवी मागितली, त्याच रक्ताळलेल्या बोटांत घातली आणि मोहाच्या खुंटाशी जाऊन उभी राहिली.

"वाजवा."

"बाई, ते तर तुमच्या..."

"मले समजते. वाजवा तुमी."

मी तिच्या पायांशी यंत्र धरलं. ते वाजू लागलं. ती वाकली आणि तिथली माती ओंजळी-ओंजळीने पदरात भरू लागली. पदर भरेपर्यंत मी यंत्र उचललं नाही.