नऊशे मीटरची ओळ

दिगंबर पांढरीपांडे म्हणजे बरखेड्याच्या कारखान्यातले प्रेशर गेजचे मास्तर. पस्तीस वर्षं एकच काम: गेज हातात घ्यायचं आणि काटा शून्यावर आणायचा. माणूस हेकट, पण कामात चोख. मुलगी अनुराधा मालवाहू विमानांवर सहवैमानिक झाली तेव्हा नागपूरच्या नातेवाइकांना पेढे गेले आणि ह्यांची झोप गेली.

आता तर तिची फेरी परदेशातल्या एका डोंगराळ विमानतळावर लागली. तिथला टॉवर उंची सांगतो मीटरमध्ये, तीही धावपट्टीपासून. हिच्या विमानातला काटा दाखवतो फूट, तेही समुद्रसपाटीपासून. धावपट्टीच मुळी एकोणीसशे सत्तर फुटांवर. म्हणजे मीटरचे फूट करा आणि वर एकोणीसशे सत्तर मिळवा. दिगंबररावांनी सुवाच्य अक्षरात सगळा तक्ता केला आणि लॅमिनेट करून लेकीच्या हाती दिला. सांगितलं होतं कोणी? कोणीच नाही.

रविवारी सकाळी चहा घेता घेता त्यांनी तक्त्याची नक्कल सहज काढली, आणि कप खाली ठेवला. नऊशे मीटरसमोर २९५० फूट. वरची बेरीज राहिली होती. ४९२० हवे होते; म्हणजे विमान जवळजवळ दोन हजार फूट खाली, थेट डोंगरात. कारखान्यात जन्मभर शून्यापासून मोजलेल्या हाताने ऐन डोंगराच्या ओळीत दगा दिला होता.

"नलिनी, अनूचं तिकडचं विमान आज दिल्लीहून कधी सुटतं?"

"साडेदहाला. का हो?"

दहाला वीस मिनिटं कमी होती. अनूचा फोन बंद. उरला कंपनीच्या ड्युटी ऑफिसचा नंबर. नलिनीबाईंनी त्यांचा हात धरला. "अहो, घरचा कागद विमानात नेला म्हणून काढून टाकतील तिला. आत्ता कुठे नोकरी लागलीय. चूक तिला कळेलच की."

"मला महिनाभर कळली नाही, तिला ढगात कळेल?"

त्यांनी फोन लावला. हिंदीत सगळं सांगितलं, चूक आपली म्हणून सांगितलं. पलीकडचा माणूस "रुकिए" म्हणाला आणि फोन कटला. मग कोणी उचलेना. साडेदहा वाजून गेले. गॅसवरची आमटी करपली, पण दोघांपैकी कोणी उठलं नाही.

पावणेअकराला अनूचा फोन आला. आवाज रडका. "बाबा, काय केलंत हे? सगळ्यांसमोर माझी बॅग उघडली. मला उतरवलं, दुसऱ्याला पाठवलं. आता चौकशी होणार."

"अगं, त्या ओळीत..."

"आम्हाला कंपनीचा छापील तक्ता असतो, बाबा. तुमचा मी कधी वापरलाच नाही. तुमचं अक्षर आहे म्हणून नुसता जवळ ठेवायचे."

दिगंबररावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी विचारलं, "आत्ता कुठे आहेस?"

"कुठे म्हणजे? विमानतळावरच. खाली."

पोरीचं नुकसान केलं, ह्याची लाज होतीच. तरीही तासाभरात पहिल्यांदा त्यांना धड श्वास घेता आला.

"चौकशीला मी येतो," ते म्हणाले. "तू आधी काहीतरी खाऊन घे."