आवडाबाईची घाटी

“सामानाचा टेंपो अजून खाली वाडीतच उभा आहे, काकू. तुम्ही त्यात बसा, संध्याकाळी मुक्कामावर भेटूच आपण,” योगिनी म्हणाली. बोलली अगदी गोड, पण पाण्याची बाटली तिने आजाऱ्याला द्यावी तशी पुढे केली.

आवडाबाई घाटीच्या पहिल्याच वळणावर धोंड्यावर बसली होती. छातीचा नुसता भाता झाला होता. हेदवीच्या गणपतीला हात जोडून सगळ्या मायलेकी निघाल्या, त्याला फार वेळ झाला नव्हता; पण समोर जांभ्याची घाटी सरळ उभी आणि पाठीवरची सॅक सारखी मागे ओढत होती. हिने एक पाऊल वर टाकावं, तर सॅक म्हणे चल खाली.

आवडाबाईची लेक रुचिरा हिच्या पुण्याच्या ऑफिसातल्या या योगिनीनेच ही मोहीम काढली होती. दापोलीहून किनाऱ्याकिनाऱ्याने चालत रत्नागिरीपर्यंत, फक्त मायलेकींनी. रुचिराने हौसेने नाव दिलं आणि मग तिच्या लक्षात आलं की, मायलेकींची म्हणजे आई आणावीच लागणार. लगेच फोनवर सूचना सुरू झाल्या. साडी नको, पंजाबी ड्रेस घाल. बूट घाल. कोणी विचारलं तर मासळीचा धंदा आहे म्हण. पाटी घेऊन दारोदार फिरते, हे सांगत बसू नकोस. आवडाबाई सगळ्याला बरं म्हणाली होती. लेक इतके दिवस बरोबर चालणार म्हटल्यावर ती दाढीमिशा लावायलाही तयार झाली असती.

किनाऱ्याच्या पुळणीवरून, वाळूतून चालली तोवर सगळं ठीक होतं. आता मात्र तिला कळून चुकलं होतं की आज टेंपोत बसलं तर उद्याही तिथेच बसवतील. मग शेवटी लेक चालत रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात शिरेल आणि आपण टेंपोतून सामानाबरोबर उतरू. आपल्याच बंदरावर, आपल्याच माणसांसमोर.

“आई, ऐक ना. बस टेंपोत,” रुचिरा म्हणाली. “सगळ्यांचा खोळंबा होतोय.”

ते मात्र आवडाबाईच्या वर्मी लागलं.

“मला चालवत नाय म्हणून खोळंबा होतो,” तिने विचारलं, “का मी हाय म्हणूनच होतो?”

योगिनी उगाच बुटाची नाडी बांधायला वाकली.

आवडाबाई उठली. सॅकचे पट्टे तिने खांद्यावरून काढले. ओढणी गळ्यातून ओढून पिळली, गोल गुंडाळली आणि तिची चुंबळ करून डोक्यावर ठेवली. रुचिराचा चेहरा पांढरा पडला.

“आई, नको,” ती दबल्या आवाजात म्हणाली. “सॅक पाठीवर घ्यायची असते.”

“तुझी तू घे पाठीवर. मी उभा जन्म बोजा डोक्यावर घेतला, मला दुसरा जमत नाय.” मग ती योगिनीकडे वळली. मागून चढत येणाऱ्या बायकांनाही ऐकू जावं असा आवाज लावून म्हणाली, “बाय गो, मी पाटी घेऊन दारोदार मासे विकते. हिला सांगायचा नव्हता. आता झाला सांगून!”

आणि ती चढायला लागली.

तिने काही मोठा पराक्रम केला नाही. सगळ्याजणी तिला मागे टाकून गेल्या, रुचिराही गेली. एका ठिकाणी बूट घसरला, गुडघा फुटला आणि सावरायला धरलेल्या करवंदीच्या काट्यांनी तळहात ओरबाडला. दम लागतच होता. पण मान ताठ होती, आणि पाय कुठे टाकायचा ते पायांना आता आपोआप कळत होतं. मनात मात्र राग होता. ज्या पाटीवर ही पोर शिकली, तिची लाज वाटते हिला! रागाने चढ काही कमी होत नाही, पण रागावलेलं माणूस मागे वळत नाही.

सगळ्यांत शेवटी ती वर सड्याच्या सपाटीवर आली. वाऱ्यात वाळलेलं गवत झुलत होतं. बाकीच्या लाडू खात बसल्या होत्या.

“वा, काकू! द्या इकडे,” म्हणत योगिनी धावली.

“तू नको, बाय.”

भरलेली पाटी एकटीला उतरवता येत नाही. दाराशी गेलं की घरातल्या बाईला “हात लाव गो” म्हणायचं, मग दोघींनी मिळून ती खाली घ्यायची. मासे हवेत पण पाटीला हात नको, अशीही घरं तिने पाहिली होती. तिथे ती पुन्हा गेली नव्हती.

सॅकला तसं वजन ते काय! एका हाताने खाली घेता आली असती. आवडाबाईने घेतली नाही. ती लेकीकडे बघत तशीच उभी राहिली. लाडू खाणाऱ्या बायका बोलायच्या थांबल्या.

बऱ्याच वेळाने रुचिरा उठून जवळ आली.

“आई, सगळ्या बघतायत.”

“बगूंदेत. हात लाव.”

रुचिराने एक हात सॅकच्या पट्ट्याला लावला. दुसऱ्या हातात मोबाईल होता.

“एका हातान नाय उतरत,” आवडाबाई म्हणाली.

रुचिराने मोबाईल गवतात ठेवला आणि दोन्ही हात वर केले.