फ्रिजमधला डावा बूट

छोटी त्रेचाळीस वर्षांची होती. भावंडांत धाकटी म्हणून हे नाव पडलं होतं, आणि एकदा पडलेलं नाव केस पिकले म्हणून कोणी बदलत नाही. डॉक्टरांना कवळ्या बनवून देणाऱ्या एका लहानशा लॅबमध्ये ती एकोणीस वर्षं काम करत होती. तिथे तिला सगळे ‘मिलीमीटर’ म्हणत, कारण समोरचा दात अर्धा मिलीमीटर पुढे आला असला तरी तिला तो टेबलाच्या पलीकडून दिसायचा. कुणाचा सुळा मुद्दाम जरा वाकडा बसवला होता, कारण त्या माणसाचा मूळचा सुळाच वाकडा होता आणि त्याला तो तसाच हवा होता, हे ती दहा वर्षांनीही सांगू शकायची.

आणि हीच बाई एका मंगळवारी अंडं उकडत ठेवून कामाला निघून गेली.

पाणी आटलं, अंडं फुटलं, भांडं काळंठिक्कर पडलं. खालच्या मजल्यावरच्या आजींना वास आला. त्यांनी दादाला फोन केला, आणि दादा त्याच्याकडची जादा किल्ली घेऊन ऑफिसातून धावत आला. महिन्याभरातली ही दुसरी वेळ.

संध्याकाळी छोटी घरी आली तेव्हा दादा खुर्चीत बसून होता. भांडं समोर टेबलावर, पुरावा म्हणून.

“अगं, घर जळालं असतं!”

“भांडं जळालं,” छोटी म्हणाली. ते खरंच होतं. पण अशा वेळी खरं बोलायचं नसतं, हे तिला दादाच्या चेहऱ्यावरून जरा उशिराच कळलं.

“हे बघ छोटे, आता स्पष्टच बोलतो. घराचा करार तीस तारखेला संपतोय. जामीन म्हणून माझी सही लागते. या वेळी मी ती करणार नाही. सामान बांध आणि चल आपल्या घरी. वहिनी खोली आवरून ठेवतेय.”

छोटी भांड्याकडे बघत राहिली. तळाशी अंड्याच्या कवचाचा एक तुकडा चिकटला होता, पटाशीच्या दाताच्या आकाराचा.

“तीस तारीख अजून पाच आठवडे लांब आहे,” ती म्हणाली.

“मग?”

“पाच आठवड्यांत काही झालं नाही, तर सही करशील?”

दादाने कपाळाला हात लावला. “करीन बाई. पण एकदा जरी काही झालं, तर मग वाद घालायचा नाही.”

दादाच्या घरात वाईट असं काहीच नव्हतं, आणि तीच तर अडचण होती. आई गेल्यावर छोटी तिथे नऊ वर्षं राहिली होती. वहिनी मायेची, पुतण्या गुणी. पण तिथे टीव्ही लागलेला असताना माणसं बोलायची, बोलत असताना बेल वाजायची, आणि बेल वाजत असताना कुणीतरी मागून येऊन खांद्यावर हात ठेवायचं. दिवसभर ती दुसऱ्यांच्या आवाजांतून वाट काढायची आणि रात्री काही न करता थकून झोपायची. या एका खोलीत मात्र सात वर्षांत तिने तीनशे पुस्तकं वाचली होती. फ्रिजची घरघर कधी सुरू होते आणि कधी थांबते हेसुद्धा तिला पाठ होतं. ही खोली सोडायची नाही, एवढं तिने त्याच संध्याकाळी ठरवलं. कसं, ते ठरायचं होतं.

छत्तिसाव्या वर्षी एका डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं होतं की तिला ऑटिझम आहे. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात, हे ऐकून छोटी जरा नाराज झाली होती. ती स्वतःत कधीच मग्न नसायची. मग्न असायची ती दातांत, नाहीतर पुस्तकात. त्या बाईंनी एक गोष्ट मात्र पटेल अशी सांगितली होती. “तुमची आठवण वाईट नाही. तुम्ही एका कामातून दुसऱ्या कामात जाता ना, त्या उंबरठ्यावर तुमच्या हातातलं सांडतं.” अंड्याच्या दिवशी तेच झालं होतं. पाणी उकळत असताना फोन वाजला, लॅबमधून कुणीतरी दाताच्या रंगाचा नंबर विचारला, तिने सांगितला, आणि बोलता बोलता तिचं मन लॅबमध्ये जाऊन बसलं. मागून शरीरही गेलं.

पहिला आठवडा तिने चिठ्ठ्यांवर घालवला. दारावर चिठ्ठी, शेगडीवर चिठ्ठी, आरशावर तीन. चार दिवस त्या दिसल्या. पाचव्या दिवशी त्या भिंतीचाच भाग झाल्या.

मग तिने मोबाइलवर गजर लावले. गजर वाजला की ती इतकी दचकायची की आधी तो आवाज बंद करायची, आणि मग शांत झालेल्या मोबाइलकडे बघत विचार करायची, हा कशासाठी वाजला होता?

“काय मिलीमीटर, तोंड का उतरलंय?” लॅबच्या मास्तरांनी विचारलं. मास्तर लॅबचे मालक. सत्तरी गाठली होती आणि स्वतःची कवळी तिच्याच हातची घालायचे.

छोटीने सगळं सांगितलं. अंडं, करार, चिठ्ठ्या, गजर, याच क्रमाने.

मास्तरांनी मेणाची सुरी खाली ठेवली. “एक सांग. इथे तू एकोणीस वर्षांत काय विसरलीस?”

छोटीने खरोखरच विचार केला. मास्तरांना सवय होती, ते थांबले.

“काही नाही,” ती शेवटी म्हणाली. “दोन वेळा छत्री.”

“छत्री आपल्या कामात येत नाही. मग इथेच बरं लक्षात राहतं?”

छोटीने समोर पाहिलं. प्रत्येक तोंडाचा एक ट्रे असायचा. त्यात वरचा साचा, खालचा साचा, दात, डॉक्टरांची चिठ्ठी. मधेच कुणी हाक मारली, वीज गेली, जेवायची सुट्टी झाली, तरी ट्रे जागच्या जागी. परत येऊन बघितलं की काम कुठवर आलंय ते तोच सांगायचा. आणि त्यातली एक जरी वस्तू नसली तरी पुढचं काम होऊच शकत नसे. साचाच नसेल तर मेण लावणार कशावर?

“मी लक्षात ठेवतच नाही,” ती हळूच म्हणाली. “ट्रे ठेवतो.”

“मग घरी कोण ठेवतं?”

घरी जाताना ती एक थांबा पुढे गेली. पण त्या दिवशी त्याचं तिला काही वाटलं नाही.

तिची शेगडी एकाच बर्नरची होती. तिचं बटण ओढलं की निघून हातात येई. छोटीने नियम केला: बटण नेहमी खिशात. स्वयंपाक करायचा तेव्हाच ते बसवायचं, आणि शेगडी बंद केल्याशिवाय ते निघत नसे. खिशात बटण आहे म्हणजे शेगडी बंद आहे. बसमध्ये बसल्यावर मनात जे सुरू व्हायचं, बंद केली का, केली का, ते सुरू झालं की ती खिशात हात घालायची. तिथे ते असायचं, गोल, थोडं तेलकट.

डब्याचंही तेच. डबा फ्रिजमध्ये विसरून ती दुपारभर उपाशी राहायची, कारण भूक लागल्याचंही तिला उशिरा कळे. लॅबमध्ये गरम मेण आणि प्लॅस्टरमुळे बंद बूट घालणं सक्तीचं होतं, आणि तिच्याकडे बुटांचा जोड एकच. तेव्हा रोज संध्याकाळी डावा बूट पिशवीत घालून फ्रिजमध्ये, डब्यावर. सकाळी बुटाशिवाय निघता येत नाही, आणि बूट काढला की खाली डबा.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. एकदा बटण लॅबमध्येच राहिलं आणि रात्री तिने कोरडा पाव खाल्ला. एकदा ते मेणाच्या खणात गेलं, तेव्हा मास्तर ते चिमट्यात धरून ओरडले, “ही कुणाची दाढ रे?” सकाळी थंडगार बुटात पाय घालताना अंगावर काटा यायचा. पण तीन आठवडे गेले, चार गेले, आणि एकही भांडं जळलं नाही.

तिसऱ्या आठवड्यातच तिने दादाला तसं कळवलं होतं. “छान! रविवारी येऊन सही करतो,” दादा म्हणाला, आणि आला नाही. विसरला. पुढच्या रविवारीही विसरला. आता शेवटचा रविवार उरला होता. घरमालक सोमवारी सकाळी कागद न्यायला येणार होते.

“चारला येतो, वहिनीला घेऊन,” दादाने फोनवर सांगितलं. चार म्हणजे चार, म्हणून छोटी तीनला चपला घालून लाँड्रीत कपडे आणायला गेली.

दादा-वहिनी सव्वातीनलाच आले. किल्ली होतीच. वहिनी म्हणाली, ती येईपर्यंत चहा टाकते. तर शेगडीला बटण नाही. ओट्याखाली, डब्यांमागे, सगळीकडे शोधलं. निदान दूध तरी आहे का बघावं म्हणून तिने फ्रिज उघडला आणि पिशवीत हात घातला.

छोटी चारच्या ठोक्याला दारात आली, तेव्हा टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं होतं आणि त्यावर तिचा डावा बूट होता. पाच आठवड्यांपूर्वी भांडं होतं त्याच जागी. वहिनीचे डोळे ओले होते.

“ये, बस,” दादा म्हणाला. आजारी माणसाशी बोलावं तसा आवाज. “छोटे, हा बूट फ्रिजमध्ये कोणी ठेवला?”

“मी.”

“कधी?”

“काल साडेसहाला.”

“विसरून गेला असेल ना गं हातून?” वहिनी म्हणाली.

“नाही. मुद्दाम.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. “आणि शेगडीचं बटण हरवलंय, ते माहितीये का तुला?” दादा म्हणाला. “अहो, आधी पाणी तरी पिऊ द्या तिला,” वहिनी म्हणाली. “मी म्हणत होतोच, हे वाढत चाललंय...” “पण ओरडून कसं...”

दोन आवाज एकात एक मिसळले. असं झालं की छोटीचे शब्द कुठल्या कुठे जायचे, आणि मग ती मान हलवून हो म्हणून टाकायची. आज तिने कपड्यांचं गाठोडं दारातच खाली ठेवलं आणि पुढे येऊन दोन्ही हात टेबलावर दाबून धरले.

“एकेकाने बोला,” ती म्हणाली. “नाही. मीच बोलते.”

खिशातून बटण काढून तिने बुटाशेजारी ठेवलं. मग सांगितलं. ट्रेपासून सांगितलं, म्हणून वेळ लागला. दादाने दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा वहिनीने त्याच्या गुडघ्यावर चापट मारली.

“म्हणजे तुला वेड लागलेलं नाही,” वहिनी म्हणाली.

“नाही. डबा लागतो.”

वहिनी डोळे पुसता पुसता हसायला लागली. दादाला एवढ्या लवकर हसू येईना.

“पण हे लोकांनी पाहिलं तर काय म्हणतील?”

“लोक माझा फ्रिज उघडत नाहीत.”

“आणि ते बटण खरंच हरवलं तर?”

“तर चहा मिळणार नाही,” छोटी म्हणाली. “आग लागणार नाही.”

दादा बटण बोटांत फिरवत राहिला. मग म्हणाला, “चहा तरी कर.”

छोटीने बटण बसवलं, चहा केला, शेगडी बंद करून बटण खिशात टाकलं. हे सगळं दादा टक लावून बघत होता, आणि ते तिला दिसत होतं. चहाबरोबर पुतण्याच्या परीक्षेच्या गोष्टी निघाल्या, ऑफिसातल्या साहेबाच्या निघाल्या. कागदाचं नाव नाही. छोटी मधेच दोनदा उठली. कप विसळायला गेली असेल असं दोघांना वाटलं.

साडेपाचला दादा उभा राहिला. “चल, निघतो. ते सहीचं बघतो मी. उद्या सकाळी ऑफिसला जाता जाता येऊन करून टाकीन. नक्की.”

“तू दोन रविवार विसरलास,” छोटी म्हणाली.

“अगं, डोक्याला किती व्याप असतात माझ्या! आता नाही विसरणार.”

दादा दाराशी गेला. उजवा बूट घातला. मग वाकून इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, पायपुसणंसुद्धा उचललं.

“माझा डावा बूट कुठाय?”

वहिनीने छोटीकडे पाहिलं आणि तोंडावर पदर धरला.

“फ्रिजमध्ये,” छोटी म्हणाली.

एका पायात बूट आणि एका पायात मोजा अशा थाटात दादा टक टक करत फ्रिजपर्यंत गेला. दार उघडलं. मधल्या फळीवर पिशवी, पिशवीत बूट, आणि बुटाखाली कराराचा कागद. सही करायच्या जागी पेन्सिलीने बारीक फुली केलेली, आणि वर पेन.

तो तसाच उभा राहिला. फ्रिजची घरघर सुरू झाली. छोटीला वाटलं, आता ओरडेल. ओरडला तरी मागे हटायचं नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं आणि ती त्याच्या तोंडाकडे न बघता मोज्याकडे बघत राहिली. मोज्याला अंगठ्याजवळ भोक होतं.

“पेन गार पडलंय,” दादा म्हणाला.

“चालतं ते. मी बघितलंय.”

त्याने कागद फ्रिजच्याच दारावर टेकवला आणि सही केली. पहिली उमटली नाही. पेन झटकून त्याने दुसरी केली. मग बूट घातला आणि “आईगं!” म्हणून केवढ्याने तरी किंचाळला.

“रोज असंच होतं,” छोटी म्हणाली. “पाच मिनिटांनी बरं वाटतं.”

दारात दादाने खिशातून तिच्या घराची किल्ली काढली. “ही परत देऊ का?”

छोटीने विचार केला. वहिनी आणि दादा, दोघेही थांबले.

“नको. राहू दे तुझ्याकडे. पण चार म्हटलं की चारला ये.”

जिन्यात त्यांचा आवाज बराच वेळ येत होता. वहिनीचा हसण्याचा, दादाचा पाय आपटण्याचा. छोटीने कराराची घडी करून ती उद्याच्या डब्यावर ठेवली, त्यावर आपला बूट ठेवला, आणि फ्रिजचं दार लावलं.

लाँड्रीचं गाठोडं मात्र दारातच राहिलं. ते तिला बुधवारी दिसलं.